वाइपोउआ: बुटाला लागलेली माती आणि ताने माहुता

न्यूझीलंडच्या उत्तर भागात, पश्चिम किनाऱ्यालगत वाइपोउआचं जंगल आहे. ऑकलंडहून मोटारीने साधारण साडेतीन तास लागतात. राज्य महामार्ग १२ या जंगलातूनच वळणं घेत जातो. रस्त्याकडेला गाडी लावून पाच मिनिटं चाललं की ताने माहुता दिसतो. कौरी हा न्यूझीलंडच्या उत्तरेतला प्रचंड वाढणारा वृक्ष, आणि आज जिवंत असलेल्या ज्ञात कौरींतला हा सर्वांत मोठा. उंची सुमारे ५१ मीटर, बुंध्याचा घेर जवळजवळ १४ मीटर. खालचे १७ मीटर नुसता सरळ बुंधा आहे, फांद्या त्याच्या वर सुरू होतात. वय १२५० ते २५०० वर्षांच्या दरम्यान असावं असा अंदाज आहे. माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, यांच्या परंपरेत ताने हा अरण्याचा देव. आकाशपिता रांगीनुई आणि धरणीमाता पापातूआनुकू एकमेकांना घट्ट बिलगून होते. त्यांच्या या मुलाने पायांनी रेटून त्यांना वेगळं केलं आणि जगात उजेड आला. झाडाचा सरळसोट बुंधा पाहिला की ही कथा याच झाडाशी का जोडली गेली ते लगेच कळतं.

या झाडाला पाहायला जगभरातून माणसं येतात. त्यांच्या बुटांना लागून येणारी चिमूटभर माती त्याचा जीव घेऊ शकते. त्या मातीतून पसरणाऱ्या रोगावर औषध नाही, आणि माणसांना कायमचं बाहेर ठेवणंही सोपं नाही. अशा स्थितीत वाइपोउआच्या लोकांनी काय केलं, त्यातलं काय जमलं आणि काय अजून अर्धवट आहे, ते या प्रकरणात पाहायचं आहे. देवाचं झाड आणि पर्यटकांची गर्दी यांचा मेळ कसा घालायचा याबद्दल गोडगोड बोलणं पुष्कळ होतं. इथे तो मेळ रोज सकाळी दारावर उभं राहून घालावा लागतो, म्हणून हे प्रकरण मला महत्त्वाचं वाटतं.

जंगल कोणाचं

कौरीची जंगलं एकेकाळी न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या वरच्या भागात सुमारे १२ लाख हेक्टरवर पसरलेली होती. एकोणिसाव्या शतकात युरोपीय जहाजांना डोलकाठ्यांसाठी सरळ, गाठी नसलेलं लाकूड हवं होतं आणि कौरीने ते पुरवलं. नंतर त्याच लाकडाची घरं झाली, होड्या झाल्या. जमिनीत गाडला गेलेला कौरीचा डिंक खणून व्हार्निशसाठी परदेशी पाठवला गेला. शतक संपेपर्यंत मूळ जंगलाचा दहावा हिस्साही उरला नव्हता. वाइपोउआ आडबाजूला होतं, वाट अवघड होती, म्हणून ते बरंचसं वाचलं.

हे जंगल ज्या जमातीचं, त्या ‘ते रोरोआ’ लोकांकडून सरकारने ही जमीन १८७६ मध्ये विकत घेतली. त्या व्यवहारात जमातीच्या पवित्र जागा वगळायच्या होत्या. त्यांतल्या काही वगळल्याच गेल्या नाहीत आणि पुढे परक्या हातांत गेल्या. ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिली. माओरींच्या जमीनविषयक तक्रारी ऐकणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने १९९२ मध्ये ते रोरोआंच्या बाजूने अहवाल दिला, २००५ मध्ये समझोत्यावर सह्या झाल्या आणि २००८ मध्ये त्याचा कायदा झाला. सरकारने माफी मागितली, ९५ लाख न्यूझीलंड डॉलर भरपाई दिली, काही जागा परत केल्या. जंगल सरकारी संवर्धन खात्याकडेच राहिलं, पण त्याच्या कारभारात ते रोरोआंच्या मूल्यांची दखल घेणं खात्याला बंधनकारक झालं.

मधल्या काळात जंगलाने आणखी एक लढाई पाहिली. १९४० च्या दशकात सरकारी वनखात्याच्या कुऱ्हाडी इथे चालू होत्या. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम रॉय मॅकग्रेगर यांनी त्याविरुद्ध रान उठवलं, ८० पानांची सचित्र पुस्तिका काढली, लोकांनी सरकारकडे अर्ज केला आणि २ जुलै १९५२ रोजी ८० चौरस किलोमीटरहून मोठा भाग अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हा विजय मोठाच होता. तो झाला नसता तर आज लिहायला जंगलच नसतं. पण जमिनीचा मूळ प्रश्न त्यानंतरही अर्धशतकाहून जास्त काळ जिथल्या तिथे राहिला. जंगल वाचलं आणि ज्यांचं ते होतं ते बाहेरच राहिले. पुढे रोग आला तेव्हा दारावर कोणी उभं राहायचं, हा प्रश्न या इतिहासापासून तोडता येत नाही.

रोग

या रोगाचा कारक जीव म्हणजे फायटोफ्थोरा अ‍ॅगॅथिडिसिडा. सोयीसाठी त्याला बुरशी म्हणतात, पण खऱ्या बुरशीशी त्याचं नातं नाही. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाटा नासवून दुष्काळ आणणारा करपा याच वंशातला, आणि कोकणातल्या सुपारीच्या बागा पावसाळ्यात हैराण करणारा कोळे रोगही याच वंशातला. ओल हे या सगळ्यांचं बळ.

ओल्या मातीत याचे बीजाणू बारीक शेपट्या हलवत पोहतात आणि कौरीच्या कोवळ्या मुळीचा माग काढत तिच्यात शिरतात. मुळं कुजतात. रोग मुळांतून बुंध्याच्या तळाशी चढतो, तिथे साल फुटते आणि डिंक ओघळू लागतो. पाणी आणि अन्नरस वाहून नेणाऱ्या पेशीच मरतात, म्हणून वर पानं पिवळी पडतात, शेंडा विरळ होतो, फांद्या वाळून नुसत्या काड्या उरतात. लहान रोपांपासून प्रचंड जुन्या झाडांपर्यंत कोणालाच सूट नाही, आणि लागण झालेली झाडं बहुतेक मरतातच. हाच जीव जाड कवचाचे बीजाणूही तयार करतो. ते मातीत वर्षानुवर्षं निपचित पडून राहतात आणि ओल व मुळं मिळाली की जागे होतात. टाचणीच्या डोक्याएवढी माती एका जंगलातला रोग दुसऱ्या जंगलात न्यायला पुरते.

कौरीच्या मुळांची रचना इथे झाडाच्या विरोधात जाते. जाड मुळं खोल उतरून बुंध्याला धरून ठेवतात, पण अन्न घेणारी तंतूसारखी मुळं अगदी वर, झाडाच्याच गळलेल्या पाना-सालींच्या मऊ थरात पसरलेली असतात, आणि ती पसरतात पानांच्या घेराच्याही बरीच बाहेर. त्या थरावर पाय पडला की मुळं तुटतात, आणि तुटलेल्या मुळांत रोगाला शिरणं सोपं जातं. बुंध्यावर हात टेकवायला जाणारा माणूस नेमका झाडाच्या तोंडावर उभा राहतो. त्याच्या मनात भक्ती असते यात शंका नाही. म्हणून तर त्याला अडवणं इतकं कठीण.

हा जीव १९७० च्या दशकात ग्रेट बॅरियर बेटावर पहिल्यांदा दिसला, पण तेव्हा तो दुसऱ्याच जातीचा मानला गेला. २००६ मध्ये ऑकलंडजवळच्या वाइताकेरे डोंगरांत मरणाऱ्या कौरींकडे लक्ष गेलं. त्याला स्वतंत्र शास्त्रीय नाव मिळायला २०१५ उजाडलं. तोवर तो कितीतरी वाटांवरून कितीतरी बुटांना लागून फिरला होता.

वाइताकेरेचा धडा

वाइपोउआत पुढे जे झालं ते समजायला आधी वाइताकेरेत जावं लागतं. ऑकलंडकरांचं हे फिरण्याचं, पळण्याचं, रविवार घालवण्याचं रान. २०१६ च्या पाहणीत तिथल्या कौरींतलं लागणीचं प्रमाण पाच वर्षांत सुमारे ८ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. आणखी एक आकडा त्याहून बोलका होता: लागण झालेल्या पट्ट्यांपैकी ७१ टक्के पट्टे पायवाटांच्या ५० मीटरच्या आत होते.

तिथली जमात ‘ते कावेराऊ आ माकी’. डिसेंबर २०१७ मध्ये तिने या जंगलावर राहुई घातली. राहुई म्हणजे एखाद्या जागेला विसावा मिळावा म्हणून परंपरेने घातलेली प्रवेशबंदी. मासेमारीच्या खाडीवर, मृत्यू घडलेल्या किनाऱ्यावर, झिजलेल्या रानावर ती घालतात आणि वेळ आली की उठवतात. कित्येकांनी ती मानली. कित्येक मात्र सरकारी कुलूप नाही म्हणून चालतच राहिले. ऑकलंड महापालिकेने जंगलाचा भाग अधिकृतपणे बंद केला तो १ मे २०१८ पासून. मधले पाच महिने जमात हात जोडून सांगत होती आणि कायदा गप्प होता. या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे. धोका ओळखला होता त्यांच्याकडे अधिकार नव्हता, आणि अधिकार होता त्यांना घाई नव्हती.

२०२१ च्या मोठ्या पाहणीत चित्र थोडं बदललं. रोग मुख्यतः जंगलाच्या कडेकडेने आढळला, आतला मोठा गाभा अजून शाबूत दिसला. म्हणजे उशिरा का होईना, बंदी घालून राखण्यासारखं तिथे बरंच काही होतं. त्यानंतर सुधारलेल्या वाटा एकेक करून उघडण्यात आल्या.

साठ मीटर

जुलै २०१८ मध्ये वाइपोउआतून बातमी आली. ताने माहुतापासून साधारण ६० मीटरवरच्या एका कौरीला लागण झाली होती.

तातडीने काय काय करता येण्यासारखं होतं? पहिला पर्याय उघड होता: वाइताकेरेसारखं सगळं बंद करा. तसं करावं असं म्हणणारे लोक होते, आणि त्यांचा युक्तिवाद हलका नव्हता. दुसऱ्या पारड्यात होकियांगा खाडीकाठची ओपोनोनी, ओमापेरे यांसारखी छोटी गावं होती. हे जंगल ज्यात येतं तो नॉर्थलंड हा देशातला गरीब प्रदेश. या पश्चिमेच्या रस्त्याला पर्यटक वळतात ते मुख्यतः या झाडासाठी. संध्याकाळी अंधार पडताना स्थानिक माओरी वाटाडे पाहुण्यांना आत नेतात, आधी प्रार्थना म्हणतात, कथा सांगतात, झाडासमोर गातात. ज्यांनी जंगल गमावलं आणि मोठ्या कष्टाने त्यात पुन्हा पाय रोवला, त्यांच्याच पोरांना इथे काम मिळालं होतं. शिवाय पाहुण्याचं आगतस्वागत हा माओरींच्या मानाचा भाग आहे. दार लावून घेणं म्हणजे निव्वळ उत्पन्नाला मुकणं नव्हतं.

झालं ते असं. कौरीच्या प्रदेशातल्या अनेक वाटा संवर्धन खात्याने बंद केल्या. ताने माहुताची वाट उघडी ठेवली, पण तिचं रूप बदललं. खांबांवर उचललेली लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना कठडा, पाय मातीला लागतच नाही. झाडाच्या किती जवळ जायचं ते फळ्या ठरवतात. आणि सुरुवातीलाच बूट साफ करण्याची चौकी.

चौकीवर

ही चौकी जरा नीट पाहण्यासारखी आहे, कारण सगळी भिस्त तिच्यावर आहे.

सुरुवातीच्या काळात कौरीच्या रानांत अशा चौक्या म्हणजे वाटेच्या कडेला ठेवलेला ब्रश, फवाऱ्याची बाटली आणि एक फलक एवढंच असे. माणसं बाजूने निघून जात. नंतरच्या चौक्या वाटेवरच बांधल्या गेल्या, म्हणजे त्यांच्यातून गेल्याशिवाय पुढे पाऊलच टाकता येत नाही. आत शिरलं की आधी ब्रशाने बूट घासायचे. तळव्याच्या खाचा, टाचेची कड, बुटाच्या बाजू, सगळं. डोळ्यांना दिसणारी माती पूर्ण गेली की मगच जंतुनाशक. हा क्रम उलटा चालत नाही, कारण खाचेत चिखल राहिला तर जंतुनाशक त्याच्या वरच्या थराला भिजवतं आणि आतले बीजाणू सुखरूप पुढे जातात. जाड कवचाच्या बीजाणूंवर जंतुनाशकाचा भरवसा तसाही कमीच, म्हणून खरं काम ब्रशाचं. काठीचं टोक, बाबागाडीची चाकं, कॅमेऱ्याच्या तिपाईचे पाय, मातीला टेकलेलं सगळंच यात आलं. आणि हे आत जाताना करायचं तसंच बाहेर पडतानाही, कारण पुढचं जंगल याच बुटांनी गाठायचं असतं.

एवढं असूनही माणूस पळवाट काढतो. बूट स्वच्छ दिसतात, गाडी रस्त्यात लावली आहे, पुढची बोट पकडायची आहे, दोनच मिनिटांत येतो. फलक त्याच्याशी बोलू शकत नाही. म्हणून चौकीवर माणसं उभी राहिली. त्यांना कौरी अ‍ॅम्बॅसिडर म्हणतात, आणि इथे ती ते रोरोआंची असतात. ती आलेल्याचं स्वागत करतात, बूट बघतात, ब्रश हातात देतात, आणि का ते सांगतात. पुढे दिसणाऱ्या झाडाबद्दल बोलतात ती आपल्या घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तशी. अशा माणसासमोर बूट न घासता पुढे जाणं अवघड असतं. दंडाच्या धाकापेक्षा या भेटीत जास्त ताकद आहे असं मी ठामपणे मानतो. इथे पाहुणा आणि यजमान समोरासमोर येतात, आणि घर कोणाचं आहे हे न सांगता स्पष्ट होतं.

झाडाची देखभाल चौकीपुरती थांबत नाही. २०१३ च्या दुष्काळात ताने माहुता सुकण्याची चिन्हं दाखवू लागला तेव्हा जवळच्या ओढ्याचं १०,००० लिटर पाणी त्याच्याकडे वळवण्यात आलं होतं. अ‍ॅव्होकाडोच्या बागांत वापरतात ते फॉस्फाइट हे रसायन कौरीच्या बुंध्यात टोचण्याचे प्रयोग चालू आहेत. त्याने रोगाचा जोर ओसरतो, रोग जात नाही, आणि मात्रा जास्त झाली तर औषधच झाडाला बाधतं. माओरी वैदूंचे प्रयत्नही चालू आहेत. कौरी आणि देवमासा हे भाऊ, अशी कथा आहे. देवमाशाने भावाला समुद्रात चल म्हणून विनवलं, कौरी जमिनीवरच राहिला, मग दोघांनी कातडी बदलून घेतली. या नात्याचा धागा धरून देवमाशाच्या तेलाचा आणि हाडांचा उपचार करून पाहिला जातोय. प्रयोगशाळा आणि परंपरा एकाच झाडाखाली काम करताहेत, आणि दोघांच्याही हाती अजून हुकमी उपाय नाही. तोवर ब्रशच.

मला पटलेलं आणि न पटलेलं

एक झाड उघडं ठेवून बाकीच्या रानाला विसावा देण्याचा निर्णय मला बरोबर वाटतो. वरवर पाहिलं तर यात सर्वांत मौल्यवान झाडच गर्दीपुढे ठेवलं जातंय. पण पाच मिनिटांची, उचललेल्या फळ्यांची, एकच दार असलेली वाट राखता येते. डोंगरभर पसरलेल्या डझनभर चिखलवाटा राखता येत नाहीत. ताने माहुताही बंद केला असता तर तिथवर आलेला माणूस हात हलवत परत गेला नसता. रस्त्याकडेचा कुठलातरी दुसरा कौरी त्याने शोधला असता, जिथे फळ्या नाहीत, ब्रश नाही आणि सांगणारंही कोणी नाही.

हा निर्णय टिकतो तो मात्र एकाच अटीवर. बंद करायची वेळ आली तर तो शब्द ते रोरोआंचा असावा आणि सरकारने तो त्याच दिवशी अंमलात आणावा. वाइताकेरेतले पाच महिने इथे परवडणार नाहीत.

२ ऑगस्ट २०२२ पासून या रोगाविरुद्ध राष्ट्रीय आराखडा लागू झाला आणि सक्तीचे नियम आले. पानांच्या घेराची जी त्रिज्या, तिच्या तिप्पट अंतरापर्यंतची जमीन ही कौरीची संरक्षित कक्षा मानली गेली. तिथे मातीत काम करताना कसं वागायचं ते ठरलं, गुरांना कौरीच्या रानात सोडायला मनाई झाली, बूट आणि अवजारं साफ करणं बंधनकारक झालं. नियम चांगले आहेत, पण रानडुकरांना ते वाचता येत नाहीत. ती माती उकरतात, मुळं उघडी पाडतात, चिखल अंगावर घेऊन ओहळ ओलांडतात. डुकरांच्या बंदोबस्ताचं काम चिकाटीचं आणि खर्चिक आहे. त्याचे फोटो निघत नाहीत, म्हणून त्याला पैसा मिळवणंही कठीण.

पैशाबद्दल सरळ बोलायला हवं. ताने माहुता पाहायला तिकीट नाही, आणि ते नसावं असंच माझं मत आहे. देवाच्या दर्शनाला तिकीट लावलं की देणारा स्वतःला गिऱ्हाईक समजू लागतो, आणि गिऱ्हाइकाला बूट घासायला सांगणं जड जातं. पण न्यूझीलंड २०१९ पासून बहुतेक परदेशी पाहुण्यांकडून संवर्धन आणि पर्यटनासाठी वेगळा आकार घेतं. आधी तो ३५ डॉलर होता, १ ऑक्टोबर २०२४ पासून १०० डॉलर झाला. वाइपोउआसारख्या ठिकाणी दारावरच्या माणसांचा पगार आणि डुकरांचा बंदोबस्त यांना या पैशातून पक्का, दरवर्षी मिळणारा वाटा हवा. एका वर्षी अनुदान आलं म्हणून माणसं नेमायची आणि पुढच्या वर्षी घरी पाठवायची, असं इथे चालणार नाही.

त्यातही हिवाळ्याकडे लक्ष द्यायला हवं. डिसेंबर-जानेवारीत, तिथल्या उन्हाळी सुट्ट्यांत, गर्दी उसळते आणि साहजिकच सगळ्यांचं लक्ष तेव्हा चौकीवर असतं. पण नॉर्थलंडचा पाऊस जून ते ऑगस्टमध्ये जास्त पडतो. तेव्हाच माती ओली असते, बीजाणू पोहत असतात आणि बुटाच्या खाचांत चिखल भरलेला असतो. त्या महिन्यांत दिवसाला मोजकीच माणसं येतील, तरी त्या मोजक्यांसाठी ब्रश घेऊन कोणीतरी दारावर हवं.